सुईशिवाय सजलेली खोली



गेल्या महिन्यात रविवारच्या वर्गात बाईंनी मुलांना 'गाठ' हा शब्द वाक्यात वापरायला सांगितला. कोणी बुटाच्या नाडीची गाठ सांगितली, कोणी केसांतली. आमच्या आठ वर्षांच्या लेकीने हात वर केला आणि म्हणाली, "गाठ दोन प्रकारची असते. सुरगाठ ओढली की सुटते. निरगाठ सुटत नाही." वर्ग संपल्यावर बाईंनी मलाच गाठलं. "अहो, निरगाठ हा शब्द आता तिकडच्या मुलांच्या तोंडीसुद्धा फारसा येत नाही. हिला कोणी शिकवला?" मी म्हटलं, तिच्या आजीने, खेळायच्या खोलीत. "मग द्या की लिहून अंकासाठी," असं म्हणून त्या दुसऱ्या पालकांकडे वळल्यासुद्धा.

तेव्हा हा लेख. मला शिवणकाम येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. सोलापूरला आमच्या घरी आईचं शिवणयंत्र पुढच्या खोलीत खिडकीशी असे. गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज, परकर, साड्यांचे फॉल, आणि जून जवळ आला की शाळेचे गणवेश. त्या पैशांवर आम्हा दोघा भावांची शिक्षणं झाली. यंत्राच्या आवाजात मी अभ्यास केला, पण यंत्राला हात लावायचा म्हटलं की आई म्हणायची, "तू पुस्तक धर." म्हणून मी पुस्तक धरलं. शर्टाचं बटण तुटलं की आजही मी दुसरा शर्ट घालतो.

२०२५ च्या एप्रिलमध्ये आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला आली. आमचं दोन बेडरूमचं भाड्याचं अपार्टमेंट. मुलांची खोली आजीला दिली, मुलांच्या गाद्या आमच्या खोलीत आल्या, आणि खेळण्यांचा सगळा पसारा डेनमध्ये गेला. इथे ज्याला डेन म्हणतात ती आमच्याकडे बैठकीला लागून असलेली, दार नसलेली एक चिंचोळी खोली आहे. चार वर्षांच्या धाकट्याला काहीच फरक पडला नाही. लेक मात्र रुसली. तिची समजूत काढायला मी म्हटलं, "या डेनची तुम्हाला झकास खेळायची खोली करून देतो." बोलून तर गेलो.

आता भाड्याच्या घरात भिंती रंगवायच्या नाहीत, मोठे खिळे ठोकायचे नाहीत, असं करारात स्वच्छ लिहिलेलं. राहिलं काय? कापड. जोॲन ही १९४३ साली क्लीव्हलंडमध्ये सुरू झालेली कापडाच्या दुकानांची मोठी साखळी त्याच सुमारास बंद होत होती. मे महिन्याच्या अखेरीस तिची सगळी दुकानं मिटली. शेवटच्या विक्रीत मी कटपीस भरभरून तीन पिशव्या आणल्या. वाचनालयातून न शिवता करायच्या सजावटीचं एक पुस्तक आणलं. आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "शिवायचं नाही, मग काय करायचं?"

"चिकटवायचं."

"कापड काय कागद आहे चिकटवायला?" आणि ती आपल्या खोलीत निघून गेली.

यात थोडा राग होता आणि थोडं दुसरं काही होतं. आईचं यंत्र २०२२ पासून बंद आहे. मोतीबिंदू काढून झाला होता, पण पुढे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाचा, वयाबरोबर येणारा विकार निघाला. त्यात मधलं दिसेनासं होतं, कडेचं दिसत राहतं. माणूस घरात फिरतो, वाटेतली खुर्ची चुकवतो, पण सुईचं नाक म्हणजे नेमकं मधलं. यंत्रावर तिने एक चादर घालून ठेवली आहे. इथे आल्यावर तर तिला करायला काहीच नव्हतं. स्वयंपाकघर अनोळखी, बाहेर इंग्रजी, दिवसभर आम्ही दोघं कामावर. ती खिडकीशी बसायची.

त्या पहिल्या आठवड्यातच लेक मला एकदा हळूच म्हणाली (इंग्रजीत, ती तेव्हा मराठी समजायची, पण उत्तर इंग्रजीतच द्यायची), "आजीला मी आवडत नाही. मी बोलते तेव्हा ती भिंतीकडे बघते." मी कामात होतो. "तसं काही नाही गं," म्हणून उडवून लावलं.

पहिला पडदा मी एका शनिवारी करायला घेतला. कापडाची कड दुमडायची, दोन पदरांच्या मध्ये इस्त्रीने वितळणारी पट्टी ठेवायची, वर ओला फडका घालून इस्त्री दाबून धरायची. इस्त्री फिरवायची नाही, नुसती दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. फिरवली की पट्टी सरकते आणि कड वाकडी होते. मग ते गार होईपर्यंत हात लावायचा नाही. पट्टी म्हणजे गोंदाचंच जाळं. ते वितळून दोन्ही पदरांत मुरतं आणि थंड झालं की धरून ठेवतं. पुस्तकात हे सगळं होतं. ओला फडका मात्र मी घातला नाही, आणि इस्त्रीचं बटण होतं सुती कापडाच्या खुणेवर. क्षणात कापड आक्रसलं आणि मधोमध इस्त्रीच्या आकाराचं भोक.

मी तोंड उघडायच्या आत आतल्या खोलीतून आवाज आला, "नायलॉन जाळलंस काय रे?"

आई बाहेर आली. तिने टेबलावरचे कटपीस एकेक करून बोटांत चुरगळायला सुरुवात केली. बघत नव्हती, नुसती चुरगळत होती. "हे सुती. हे सुतीच, पण यात काहीतरी मिसळलंय. हे सगळं खोटं कापड, याला गरम इस्त्री दाखवायचीसुद्धा नाही." दोन तुकड्यांबद्दल तिची खात्री होईना, तेव्हा तिने काडेपेटी मागितली. सिंकमध्ये, नळाशेजारी उभं राहून, मी एकेक धागा चिमट्यात धरून पेटवायचा आणि तिने वास घ्यायचा. दोस्तांनो, ही गंमत मोठ्या माणसांना बरोबर घेऊनच करायची. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, आणि मऊ राखाडी राख उरते. रेशीम आणि लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो. नायलॉन, पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. लेक कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. तिसऱ्या धाग्याला धुराची घंटा कोकलायला लागली, धाकटा टाळ्या पिटायला लागला, आणि आई गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसली.

पडदा मग सुती कापडाचा केला. तो सरळ झाला. डेनला दार नाही, म्हणून तिथेही तसाच एक पडदा ताणून बसणाऱ्या दांडीवर लावला. चिमट्याच्या रिंगा मिळतात, त्यांना शिवण लागत नाही. आईने येताना आणलेल्या दोन सोलापुरी चादरींपैकी एक तशाच रिंगांनी लांब भिंतीवर टांगली. ती मात्र मी कापू देणार नव्हतो आणि कोणी मागितलीही नाही.

भिंतीची खरी करामत खळीची. मला पुस्तकातून कळली ती अशी : अर्धा कप कॉर्नस्टार्च थोड्या गार पाण्यात कालवायचा, चार कप उकळत्या पाण्यात ओतून ढवळायचा, पाणी दाट आणि तुकतुकीत झालं की उतरवायचं. ते ब्रशने भिंतीला लावायचं, त्यावर पातळ सुती कापड वरून खाली हाताने सपाट करत बसवायचं, आणि कापडावरून पुन्हा ब्रश फिरवायचा. वाळलं की कापड भिंतीला धरून राहतं. घर सोडताना ओल्या स्पंजने भिजवलं की सोलून निघतं, भिंत पुसली की झालं. भाड्याच्या घराला याहून सोयीचं काही नाही. मी आईला मोठ्या अभिमानाने हे वाचून दाखवलं तर ती म्हणे, "अरे, ही तर खळ! अमेरिकेत पुस्तकात वाचावी लागते होय? तुझ्या वह्यांना कव्हरं कशाने घालत होते मी? तुझ्या पतंगाला काय लावत होता तुझा बाप?"

मग खळ तिनेच शिजवली. दाट झाली का हे ती बघून नाही, डावाला लागणाऱ्या जोरावरून सांगायची. ढवळताना तिने एक माहिती दिली. वह्या-पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालायचे, म्हणजे कसर लागत नाही. "पण ते विष. पोरांच्या खोलीत नको." नाही घातलं. म्हणून सांगतो, ही खळ ओलसर तळघरात किंवा न्हाणीघरात वापरू नका. तिथे बुरशी येते, आणि कसरीला तर ती मेजवानीच. कोरड्या खोलीत काही होत नाही.

आता माझी दुसरी चूक. लेकीने कागदावर काढून दिलेली झाडं, हत्ती आणि एक (तिच्या मते) मोर आम्ही कापडातून कापले. हत्तीला लाल कापड. आई म्हणाली, "आधी धुऊन घे, लाल रंग जातो." मला घाई होती. लाल हत्ती ओल्या खळीत बसला, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या पायांखालून भिंतीवर गुलाबी ओघळ उतरले. ते पुसून गेले नाहीत. खाली हिरव्या कापडाची गवताची पट्टी लावून झाकले आहेत. घर सोडताना काय होईल ते तेव्हा बघू. आई यावर काहीच बोलली नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

पण मला सांगायचं आहे ते पांघरुणाबद्दल. फ्लीस नावाचं मऊ कापड इथे सगळ्यांच्या घरी असतं. ते विणलेलं असतं, पण मागावर उभे-आडवे धागे घालून नव्हे, स्वेटरसारखं टाके गुंफून. म्हणून कापलं तरी त्याला दशा सुटत नाहीत, कड दुमडावी लागत नाही. दीड-दीड यार्डाचे दोन तुकडे घ्यायचे, म्हणजे ५४ इंच लांब, आणि रुंदी साधारण ५८ इंच असते. एकावर एक ठेवायचे. चारही कोपऱ्यांतून चार इंचाचा चौकोन कापून काढायचा. मग चारही बाजूंनी एक इंच रुंद, चार इंच खोल अशा पट्ट्या कापत जायचं. वरच्या पट्टीची खालच्या पट्टीशी गाठ मारायची. बस. दोन पदरांचं उबदार पांघरूण तयार. गाठी होतात दोनशेच्या आसपास. आमच्या १९२ झाल्या.

दोनशे गाठी एकट्याने मारायच्या म्हणजे शिक्षा. मी लेकीला कात्री दिली आणि गाठी मी मारू लागलो. आई पलीकडे बसली होती. तिने हात पुढे करून माझी एक गाठ चाचपली आणि ओढली. सुटली. "ही गाठ आहे? एकदा उजवी डावीवर, मग डावी उजवीवर. दोन्ही वेळा एकच हात वर घेतलास तर घसरणारच." आणि तिने पांघरुणाची कड आपल्या मांडीवर ओढून घेतली.

तिथून पुढे चित्रच बदललं. पट्ट्या कापायला डोळे लागतात, ते लेकीचे. गाठ मारायला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात, आणि आईची बोटं चाळीस वर्षं कापडात वावरलेली. लेक कापत पुढे, आजी गाठी मारत मागे. आजीचा वेग जास्त. तिला थांबावं लागलं की ती बोटांनी लेकीच्या हातावर टकटक करायची, "चल, चल." लेकीने विचारलं (अजून इंग्रजीतच) की आजीला हे न बघता कसं जमतं. मी भाषांतर केलं. आई म्हणाली, "तिला सांग, मूठ वळून नाकासमोर धर, अगदी जवळ. आता माझ्याकडे बघ. मी दिसते?"

"नाही. मूठ दिसते."

"मूठ तिथेच ठेव. आता मला बघायचं असेल तर काय करशील?"

लेकीने मूठ तशीच धरून मान जरा वळवली, नजर बाजूला नेली. मग आजी कडेला दिसली. ती तशीच थोडा वेळ राहिली. मग मूठ खाली घेऊन मला म्हणाली, "म्हणून ती भिंतीकडे बघते? मला बघायला?"

मी हो म्हटलं. पहिल्या आठवड्यात उडवून लावलेलं उत्तर ते हे होतं, आणि मला ते तेव्हाही माहीत होतं.

पांघरूण पूर्ण व्हायला चार संध्याकाळी लागल्या. त्यानंतर लेक आजीशी बोलायची तर तिच्या थोडी बाजूला उभी राहायची, आजीला सोपं पडेल अशी. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मराठीचं म्हणाल तर मध्ये मी नसलो की दोघींना पर्यायच नव्हता. आजीला 'नॉट' कळत नाही, गाठ कळते. 'फ्रिंज' कळत नाही, दशा कळतात. काठ, पदर, अस्तर, झालर, उसवणे, असे कितीतरी शब्द आमच्या घरी त्या उन्हाळ्यात आले. आमच्या हिने म्हणजे मुलांच्या आईने ते फ्रिजवर एका कागदावर लिहायला सुरुवात केली होती, कागद पुरला नाही. निरगाठ पांघरुणाची, आणि सुरगाठ पडदा बाजूला बांधायची, हे धाकट्यालाही माहीत आहे. तो फक्त सुरगाठी सोडतो.

उरलेलं थोडक्यात. उशांना आजीने गाठोडी बांधली. उशीच्या अडीचपट चौकोन घ्यायचा, १६ इंचाच्या उशीला ४० इंचांचा. उशी मधोमध तिरकी ठेवायची, समोरासमोरची दोन टोकं तिच्यावर घडी घालून दाबायची, उरलेली दोन टोकं वर आणून निरगाठ मारायची आणि शेंडे आत खुपसायचे. जपानमध्ये अशा बांधणीला फुरोशिकी म्हणतात, आमच्याकडे बोचकं. धुवायला काढलं की गाठ सोडायची. भरतकामाच्या लाकडी रिंगा वेगवेगळ्या मापांच्या आणून त्यांत छापील कापडं ताणून बसवली, मागचं जास्तीचं कापड कापलं, आणि भिंतीवर त्या रिंगांचा घोळका केला. गरम गोंदाची बंदूक मी आणली होती, दुसऱ्याच दिवशी बोट भाजलं, ती कपाटात वर ठेवली आहे. साध्या पांढऱ्या गोंदाने पताका छान चिकटतात. त्रिकोण कापायचा, वरची कड दोरीवरून दुमडून चिकटवायची. झिगझॅग कात्रीने कापलं तर दशा कमी सुटतात. दोरी मात्र उंच बांधा, लहान मुलाच्या हाताला किंवा गळ्याशी येईल अशी नको. आणि भिंतीच्या पायथ्याशी लोखंडी हीटर असेल तर त्याच्यावर कापड लोंबू देऊ नका. आमचा त्या खिडकीचा पडदा म्हणूनच आखूड आहे, कापड कमी पडलं म्हणून नाही.

अंकाची झेरॉक्स काळी-पांढरी निघते, तेव्हा फोटो दिला नाही. लाल हत्ती करडा दिसला असता आणि ओघळही, हा एक फायदा होता म्हणा.

आई ऑक्टोबरमध्ये परत गेली. लेक आणि धाकटा आपल्या खोलीत परतले, पण खेळायला अजून डेनमध्येच जातात. रविवारी वर्गाआधी आम्ही सोलापूरला फोन लावतो. पडद्यावरचं आईला नीट दिसत नाही, म्हणून लेकीलाच सगळं सांगावं लागतं. गेल्या रविवारी आईने विचारलं, "पांघरूण धुतलंस का? गाठी टिकल्या?"

"एक सुटली, आजी."

"कुठली गं?"

"बाबांनी बांधली होती ती."

बाईंच्या सांगण्यावरून पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी वर्गासाठी पताका करायच्या ठरवल्या आहेत. कात्र्या आणि गोंद मी आणतो. ज्यांच्याकडे जुने सुती कटपीस, ओढण्या, साड्यांचे तुकडे असतील त्यांनी आणावेत. लाल असतील तर कृपया धुऊन आणावेत.